माशाचा डोळा

“यातलं एक इंचही ठेवण्याच्या लायकीचं नाही, ताई,” गंजलेल्या पंपावर पाय ठेवत मिस्त्री म्हणाला. “सगळं नवं टाकावं लागेल.”

“टाका,” ती म्हणाली.

घरामागच्या बुटक्या खोलीत पंप, फिल्टर आणि पाइपांचं जंजाळ होतं. सांध्यांना चिंध्या गुंडाळलेल्या, फिल्टरच्या टाकीला तडा गेलेला. बाहेरचा पोहण्याचा तलाव कित्येक वर्षं कोरडा होता. वर्षापूर्वी तिने हे घर घेतलं तेव्हा बहिणीने कपाळाला हात लावला होता. जिची पोटची पोर पाण्यात गेली, तिने तलाव असलेलं घर घ्यावं? बहिणीचा नवरा तर सरळ म्हणाला, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

झाला होताच. सात वर्षं ती एका माणसाला पाण्यात पाहत होती, आणि आता तिला ते खरोखर, डोळ्यांनी पाहायचं होतं.

दोन प्लंबर लगेच यायला तयार होते. तिने या मिस्त्रीसाठी दोन महिने वाट पाहिली. माणूस नावाजलेला, हात सफाईदार, तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. पाइप कापता कापता तो आपली जुनी कामं ऐकवायचा.

“टेकडीवरच्या मोठ्या हॉटेलात तलावाच्या तळाला फरश्यांचा भलामोठा मासा आहे. पाणी ओढणारं तोंड मी नेमकं त्याच्या डोळ्यात बसवलं! मालक खूश. पोरं बुडी मारतात आणि डोळ्याला हात लावून वर येतात.”

“छान,” म्हणत तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “तळाशी अशी दोन तोंडं ठेवतात ना? एकावर काही अडकलं तरी दुसऱ्यातून पाणी येत राहतं म्हणे.”

“हे कुठे वाचलंत?” तो हसला. “फरशी फोडा, खणा, पुन्हा बसवा. नसता उपद्व्याप. मी सगळीकडे एकच ठेवतो. तीस वर्षांत एक तक्रार नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.” त्याने सांध्याला सोल्यूशन लावलं आणि पाइप पिळून घट्ट बसवला.

नवरा आता वेगळा राहत होता. मुलीला पोहायला नेलं होतं ते त्यानेच. तिचे कमरेपर्यंतचे केस तळाशी अडकले तेव्हा तो काठावर पाठ फिरवून फोनवर बोलत होता. चौकशीत ज्याने त्याने त्याच्याकडेच बोट दाखवलं. फोन चार मिनिटांचा होता, हेही कागदोपत्री आलं. नातेवाइकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तिने तर त्याचे कपडे दोन पिशव्यांत कोंबून दाराबाहेर ठेवले होते.

तलावात पाणी सोडलं त्या दुपारी तिने त्याला फोन केला.

“रविवारी ये. पाणी भरतंय.”

“तुझं नक्की आहे?”

“नक्की. टॉवेल आण. लोकांनी विचारलं तर पोहायला गेलो होतो म्हणता येईल.”

फोन ठेवून ती तलावात चढणारं पाणी बघायला गेली.

शनिवारी मिस्त्रीने तिला नवी मांडणी समजावली. पंप दुप्पट ताकदीचा होता आणि तरी घरात आवाज येणार नव्हता. “हा व्हॉल्व्ह काठाच्या पाइपचा, हा तळाच्या. दोन्ही उघडे असले की पाणी दोन्हीकडून येतं. काठाचा बंद केलात, की सगळी ओढ तळावर.”

तिने काठाचा व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. बंद, उघडा, बंद, उघडा. तो अलगद फिरत होता.

“लवकर शिकलात,” तो कौतुकाने म्हणाला.

“मिस्त्री, अजून वेळ गेलेली नाही. तळाला दुसरं तोंड करायचं का? पाणी परत उपसू. मी थांबेन.”

“ताई, तो विषय डोक्यातून काढा बघू!”

तिने काढला.

रविवारी सकाळी पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं. मिस्त्री पंपाच्या खोलीत असतानाच नवरा पुढच्या दाराने आला. फार वाळला होता. तिला त्याची कीव आली. ती तिने गिळली आणि त्याला स्वयंपाकघरात बसवलं.

“मी हाक मारेपर्यंत बाहेर येऊ नकोस.”

त्याने मान हलवली. टॉवेल मांडीवर तसाच घडी केलेला होता.

मागे मिस्त्री शर्ट काढून काठावर उभा होता. “यंत्राचा काटा काहीही सांगू दे, शेवटी मी स्वतः तळाला जातो. तोंडावर तळहात ठेवला की ओढ बरोबर कळते. मगच जाळी बसवायची. तीस वर्षांची सवय आहे. मी खालून हात हलवला की बटण दाबा.”

“ओढ फार नसते ना?”

“दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असले की नुसत्या गुदगुल्या होतात!” तो हसला, छाती भरून श्वास घेतला आणि खाली गेला.

तिने हाक मारली. नवरा धावतच आला आणि पंपाच्या खोलीच्या दारात तिच्याशेजारी उभा राहिला. तळाशी मिस्त्रीने एक हात तोंडावर टेकवला, दुसरा हलवला. तिने बटण दाबलं. पंप खरंच आवाज न करता सुरू झाला.

“ती मला सांगून गेली होती,” पाण्याकडे बघत नवरा म्हणाला. “बाबा, माशाच्या डोळ्याला हात लावून येते.”

तिने काठाचा व्हॉल्व्ह फिरवला, शिकवला होता तसा, पार शेवटपर्यंत. मग मनगटावरचं घड्याळ काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

“चार मिनिटं,” ती म्हणाली. “आणि या वेळी फोन आला तर घेऊ नकोस.”