शिफारसपत्रातल्या चार ओळी

"मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो," वनस्पतिशास्त्राचे दाणी सर दरवर्षी सगळ्यांना सांगत. दर्शनानेही शिफारसपत्र लिहून आणलं, पण चार ओळी कोऱ्या सोडल्या.

"विद्यार्थ्याचा एक प्रसंग शिक्षकांनीच लिहायचा, असा परदेशातल्या विद्यापीठाचा नियम आहे, सर."

सरांनी पेन उघडलं. तीन वर्षं समोर बसलेल्या मुलीचं काहीच आठवेना. "तूच सांग की एखादा," ते ओशाळून म्हणाले.

"एकच आहे, सर. पहिल्या वर्षी मी नाचणीची माहिती आईच्या ओवीतून सांगत होते. 'गाणं पुरे, उत्तर दे,' म्हणालात. वर्ग हसला, तुम्हीही. पण ते लिहू नका, तिथे तुमचंच बरं दिसणार नाही."

सरांची मान खाली गेली. "ती ओवी पुरी म्हण."

"मला अर्धीच येते. पुढची आईला विचारावी लागेल."

"लाव फोन," ते म्हणाले, "मी थांबतो."