बसका आवाज

"हळू वाजवा हं काका, बाळ उठेल."

गिटारच्या कारागिराचं उगारलेलं बोट हवेतच थांबलं. दुसऱ्या हाताच्या चिमटीत त्याने स्प्रूसची पातळ फळी कानाजवळ धरली होती. "ताई, लाकूड आहे हे. ह्याला कानगोष्टी शिकवायच्या तर माझा जन्म पुरायचा नाही," तो म्हणाला. पण टिचकी मारली ती हलकेच. फळी बोलली. पाण्यात खडा पडून वर्तुळं दूरवर जावीत, तसा तिचा सूर खोलीभर जात राहिला.

"ही नको," ती म्हणाली. "फार उघडी वाजते."

खांद्यावरचं सात महिन्यांचं बाळ जरा हललं. तिने श्वास रोखला. बाळ पुन्हा झोपलं, तेव्हा सोडला. घरी तिने दाराच्या बेलची वायर काढून ठेवली होती, कपाटांच्या दारांना रबर चिकटवलं होतं. नवरा म्हणायचा, आपल्या घरात चोरसुद्धा बिचारा कंटाळून जाईल. बाळाच्या अंगावरचं दुपटं तिने सारखं केलं. ते तिच्याच लहानपणचं, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं. त्यावरची पिवळी बदकं आता माहीत असलेल्यालाच दिसत. दुपट्याला कोपरे दोनच होते. उरलेले दोन उंदरांनी खाल्ले असं आई सांगायची. कडा इतक्या सरळ होत्या, की उंदीर कात्री घेऊन आला असावा.

खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं येत होतं. त्यात लाकडाचा भुसा तरंगत होता, खाली उतरायची काही घाई नसल्यासारखा. टेबलावर बाबांची गिटार उताणी पडली होती. कपाटावर पडून पडून तिची वरची फळी तारांच्या घोडीपाशी फुगली होती आणि डावीकडे उभी चिरली होती. ती बदलण्यावाचून इलाज नव्हता.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. चेहरा फोटोत होता, पण आवाज तिला हल्ली नीटसा आठवेना. आठवायची ती गिटार. पलंगाच्या कडेला बसून ते वाजवायचे आणि सूर दुलईच्या आतून आल्यासारखा यायचा, मऊ, बसका. पाहुणे हसायचे, म्हणायचे, तुमच्या गिटारला कायमची सर्दी आहे वाटतं. बाबाही हसायचे. तिच्या केसांतून हात फिरवून म्हणायचे, "झोप तू. मोठी झालीस की मोकळं वाजवीन." मग ती मोठी झाली, बाबा कामात बुडाले आणि गिटार कपाटावर गेली. तोच बसका सूर बाळाच्या कानात पडावा, एवढंच तिला हवं होतं. तो गेला, की बाबा पुरतेच गेले.

कारागिराने देवदार वाजवून दाखवला. मग महोगनी. मग कुठल्याशा मोडक्या पियानोतून काढलेली जुनी फळीसुद्धा. प्रत्येक वेळी ती डोळे मिटून ऐकायची आणि नकारार्थी मान हलवायची.

"जुनं काढायच्या आधी नवं ठरवायचं, हा माझा नियम," तो शेवटी म्हणाला. "एकदा वाद्य उघडं पडलं, की माणूस घाईत कुठलंही लाकूड उचलतो. पण तुमच्यापुढे नियमाने हात टेकले. बघू या, हिच्या पोटात असं आहे तरी काय."

त्याने पातळ सुरी गरम केली आणि कडेच्या सांध्यात सरकवली. जुना सरस मऊ होत गेला, गोडसर वास सुटला. सुरी संथपणे गिटारभोवती फिरली. मग डबीचं झाकण काढावं तशी त्याने फळी उचलली आणि उलटी केली.

आतून दोन कापडं डकवलेली होती. ती त्याने पहिल्या दिवशीच गिटारच्या भोकातून आरसा घालून पाहिली होती. जुने लोक चिरेवर कापड डकवतात, हे तसलंच ठिगळ, असं समजून त्याने सोडून दिलं होतं. आता त्याने एक कापड नखाने सोलून काढलं आणि खालच्या लाकडावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"इथे चीर नाहीच," तो म्हणाला. "लाकूड अगदी ठणठणीत आहे. मग हे डकवलं कशाला? चांगल्या गाणाऱ्याच्या तोंडात कुणी बोळा कोंबतं का?"

तिने कापड हातात घेतलं. ऊन नाही, पाणी नाही, साबण नाही. त्यावरचा पिवळा रंग अंड्याच्या बलकासारखा ताजा होता. एका कडेला बदकाचं नुसतं डोकं होतं.

तिने ते बाळाच्या पाठीवर, दुपट्याच्या कापलेल्या कडेला लावून पाहिलं. डोक्याखाली बदकाची फिकट मान बरोबर जुळली.

भुसा उन्हात तरंगत राहिला.

"हे नव्या फळीला परत डकवू का?" कारागिराने विचारलं. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता. "तुम्हाला हवा तो सूर मग कुठल्याही लाकडातून येईल."

तिने नकारार्थी मान हलवली. कापडाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"ती पहिली फळी," ती म्हणाली. "उघडी. ती पुन्हा वाजवा. जोरात."

"अहो, पण बाळ उठेल."

"उठू दे."