पान उलटण्याची खूण

समजा मुलांनो, तुमचे दोन्ही हात कामात आहेत. तोंडही कामात आहे. आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुम्हांला काहीतरी सांगायचं आहे, तेही अगदी वेळेवर. कसं सांगाल? मान हलवाल ना? एका मुलीनेही तेच ठरवलं होतं.

ती क्लॅरिनेट वाजवायची. मुलांच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटची एकच जागा रिकामी होती आणि आज त्या जागेसाठी निवड होती. बंद दाराबाहेरच्या बाकावर ती मामाला खेटून बसली होती. एरवी वाजवताना तिच्या स्वरलिपीच्या वहीची पानं आई उलटायची. पण आईला आज सुट्टी मिळणार नाही हे कालच कळलं, म्हणून आज मामा बंदरावरून तसाच धावत आला होता. तो क्रेन चालवायचा. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

"मामा, मी मान हलवली की पान उलटायचं. लक्षात आहे ना?"

"अगं पिपाणे, खाली उभ्या माणसाने नुसता अंगठा वर केला की मी अख्खा कंटेनर उचलतो. तुझं पान ते काय!"

"कंटेनर नाही, कागद आहे. हळू उलट."

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघांनी सराव केला होता. एकदाही चुकलं नव्हतं.

दार उघडलं. आत लांब टेबलामागे तीन परीक्षक होते. मधल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसून विचारलं, "तयार आहेस ना, बाळ?"

मुलीने मान हलवली. मामाने पान उलटलं.

"अजून नाही रे," ती दातांतल्या दातांत म्हणाली. मामाने घाईघाईने पान पुन्हा मागे घेतलं. त्याचे कान लाल झाले.

ती वाजवू लागली. मामा कागदाकडे पाहू लागला. पानभर नुसत्या काळ्या मुंग्या. कुठली मुंगी कुठल्या सुराची, देव जाणे. त्याने कागदाचा नाद सोडला आणि तिच्या मानेवर नजर ठेवली. तर काय, ती मान हलतच होती! स्वयंपाकघरात ती थोडी तरी स्थिर होती. इथे छाती धडधडत होती, त्यामुळे प्रत्येक सुराबरोबर हनुवटी खाली-वर होत होती. समोर बाईंची मान तालावर डुलत होती. शेजारच्या टकल्या परीक्षकाची तर त्याहून जास्त. बंदरावर पिवळ्या टोपीचा एकच माणूस खुणा करतो, बाकी कोणाकडे बघायचंच नाही. इथे मामाने बघायचं तरी कोणाकडे?

तेवढ्यात तिची हनुवटी जरा जास्त खाली गेली. हीच का ती? की ही नव्हे? मामाने पान उलटलं.

तिच्या भुवया कपाळात गेल्या. म्हणजे चुकलं! त्याने पान मागे घेतलं. पण ती थांबली नव्हती, आठवेल तसं वाजवत पुढे निघाली होती आणि आता तिला खरोखरच पुढचं पान हवं होतं. तिने जोरात मान हलवली. मामाने पुन्हा उलटलं. या वेळी दोन पानं एकदम आली.

क्लॅरिनेटमधून चीं असा आवाज निघाला आणि ती थांबली.

"असू दे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "पुन्हा पहिल्यापासून वाजव. पण त्यानंतर मला थांबता येणार नाही हं, बाहेर बरीच मुलं आहेत. या खेपेला पान मी उलटते. मला वाचता येतं, तुला खूणसुद्धा करावी लागणार नाही. काका, तुम्ही बाहेर बसा."

"हो, हो, बाईच बऱ्या!" मामा पुटपुटला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं आणि रडूही येत होतं. यातलं नेमकं काय होतंय, ते त्यालाच समजेना.

मुलीने बाईंकडे पाहिलं. मग मामाकडे पाहिलं. तिची मान हलली.

मामाचा हात पानाकडे गेला आणि मध्येच थांबला. ही मान आडवी हलली होती.

"मामाच उलटेल," ती म्हणाली.

"पिपाणे, वेड लागलंय का तुला? त्यांना वाचता येतं. माझ्यापायी जागा जाईल तुझी!"

"तू कुठे चुकलास? खूणच वाईट होती." तिने जरा विचार केला. "बूट काढ."

"काय?"

"उजवा. काढ ना लवकर."

मामाचा बूट कामावरचा होता, पुढे लोखंडी टोपी बसवलेला. त्यावर खोका पडला तरी आत कळत नसे. त्याने परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तो वाकला आणि नाडी सोडू लागला. मोज्यातून त्याचा अंगठा बाहेर डोकावत होता. तो त्याने लाजून आत दुमडला.

मुलीनेही आपला उजवा बूट काढला. तिने वही ठेवलेला स्टँड जवळ ओढला आणि आपलं पाऊल मामाच्या पावलावर ठेवलं. डावं पाऊल ताल धरायला जमिनीवरच राहू दिलं. मग तिने एकदा दाबून पाहिलं.

"कळलं?"

"कळलं," मामा म्हणाला. आता तो कोणाच्याच मानेकडे बघत नव्हता.

बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "तयार?"

मुलीने मान हलवली नाही. "हो," ती मोठ्याने म्हणाली आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं.