उजवा पदर

चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की दामोदरपंतांना घाम फुटे. त्यात टाळेबंदीमुळे ब्रेडा शहरातल्या वाचनालयासाठीचं किमोनोवरचं व्याख्यान लॅपटॉपवरून द्यायचं होतं. "डावा पदर वर हवा. उजवा वर असतो तो प्रेताच्या अंगावर," ते म्हणाले, आणि पडद्यावर स्वतःच्याच अंगातल्या किमोनोचा उजवा पदर वर पाहून गारठले. "बाबा, फक्त स्वतःचं चित्र उलटं दिसतं, आरशासारखं. बाकीचे सरळच असतात," शेजारून लेक कुजबुजली. पंतांना हायसं वाटलं. तेवढ्यात ओसाकाहून त्यांच्या वृद्ध जपानी शिक्षिका पडद्यावर आल्या. आमंत्रणाला त्यांचं उत्तरच आलं नव्हतं. "तुमच्या बाईंनीच उजवा पदर वर घेतलाय की," लेक हसली. पंतांना हा नियम बाईंनीच शिकवला होता. बाई वाकल्या, पंतही वाकले. गुरूंच्या आधी मान वर करायची नसते. "बाबा," लेकीचं हसू मावळलं होतं, "त्या अजून वाकलेल्याच आहेत."