रेडिओची तहान

"अहो, पावणेआठला पाचच मिनिटं राहिली!" कुमुद गाडीतून ओरडली. टपावर चढलेल्या नवऱ्यानं एरियलची तार जांभळाच्या आणखी वरच्या फांदीवर टाकली. कॅम्परव्हॅनमध्ये हौसेनं बसवलेला आबांचा जुना रेडिओ मात्र नुसता खरखरत होता. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिच्या जन्माआधी आकाशवाणीवर गायलेलं भारूड आज पावणेआठला पुन्हा लागणार होतं. घरात कुणाकडेच त्याचं रेकॉर्डिंग नव्हतं, आणि आबांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

"तुमच्या घरी कसा खणखणीत लागायचा गं हा?" नवरा वैतागला.

कुमुदला माहेरचं परसदार आठवलं. रेडिओच्या पाठीतून निघालेली दुसरी एक तार तिथं जमिनीत पुरलेली असायची आणि आबा रोज सकाळी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. "रेडिओलाही तहान लागते," म्हणायचे. तिला ते खरंच वाटायचं. इथं तर गाडी रबरी चाकांवर उभी. रेडिओचा मातीशी संबंधच नव्हता!

तिनं तंबूचा लोखंडी खुंटा दाराशी ठोकला, रेडिओच्या पाठीमागून तार ओढून त्याला गुंडाळली आणि वर तांब्या उपडा केला.

खरखर विरली. टाळ वाजले, आणि मागोमाग आबांचा आवाज आला. पंचविशीतला, कोवळा. तिच्या लेकाहून लहान.

नवरा टपावर तसाच बसून राहिला. माती केव्हाच भिजली होती. तरी भारूड संपेपर्यंत कुमुद खुंट्यावर पाणी घालत राहिली.