वाकडे पट्टे

मैदानाची निगा राखणाऱ्या काकांना दोन आठवडे चैन नव्हतं. गवत कापायची गाडी सारखी डावीकडे ओढत होती, पट्टे वाकडे पडत होते. "स्टिअरिंग झिजलंय, दुसरं काय!" ते ज्याला त्याला सांगत सुटले होते.

शेवटी मेकॅनिकने स्टिअरिंगचे झिजलेले बुश आणि सांधे बदलले आणि स्वतः एक फेरी मारली. पट्टा अगदी सरळ आला. मग काका बसले, तर पुन्हा वाकडा. गाडी बंद करून ते आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. इंजिन थांबलं तरी तो थरथरतच होता.

"थांबा काका, माझ्याकडूनच एक बोल्ट ढिला राहिलाय," म्हणत मेकॅनिक घाईघाईने गाडीखाली शिरला.



आणि घट्ट बसलेल्या बोल्टवर उगाच पाना फिरवत राहिला.