खाकी डगला

जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचं पत्र येऊन महिना झाला, तरी भाऊरावांनी उत्तर दिलं नव्हतं. गाडीच्या काळाचा पोशाख हवा, अशी अट होती. वडील ज्या अँबॅसिडरवर ड्रायव्हर होते, ती भाऊरावांनी स्वतःच्या निवृत्तीनंतर मालकाच्या मुलाकडून विकत घेतली होती. “मले सूट शोभत नाही,” ते पुटपुटले. त्यांच्या पत्नी जनकाबाईंनी ट्रंकेतून सासऱ्यांचा खाकी डगला काढला. “सूट कायले पाह्यजे? हा घाला.” “लोक ड्रायवर म्हणतील.” “म्हणू द्या ना! मामाजी होतेच ड्रायवर, लपवता काऊन?” भाऊरावांनी घाबरतच डगला चढवला. एकेक बटण बरोबर बसलं, तशी वाकलेली पाठ सरळ झाली. गाडीची मागची सीट मालकाची, म्हणून घरातलं कोणी अजूनही तिथं बसत नसे. आज जनकाबाई ऐटीत बसल्या. “चाला ड्रायवर, पोस्टात!” पेटीत उत्तर पडलं: ‘आम्ही दोघं येतोय. पोशाख माझ्या वडिलांचा आहे.’